साठीचा डॉक्टर आणि चकलांब्याच्या तीन रात्री

'डॉक्टर हू'चे साठीचे तीन स्पेशल्स, गेवराई तालुक्यातलं एक गाव आणि रेंज फक्त स्लॅबवर... वीकएंडला कुठं जायचं हा प्रश्न पडला असेल, तर हाही एक पत्ता लिहून ठेवा!

ॲनिव्हर्सरी म्हटलं की काय आठवतं तुम्हाला? ऑफिसात पाच वर्षं पूर्ण झाली की एचआरचा एक मेल, एक मग आणि एक कपकेक. आवडत्या बँडची पंचविशी झाली की रीयुनियन टूर. आणि टीव्ही शोची झाली की 'स्पेशल'. फंडा सगळीकडे एकच. जुनी माणसं परत बोलवा, जुनी ट्यून वाजवा, पब्लिकच्या डोळ्यांत पाणी आणा... टाळ्या!

मी स्वतः अशा स्पेशल्सची जाम फॅन आहे. पण २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरपासून माझं एक मत पक्कं झालंय. स्पेशलमध्ये कोण कोण आलं यावर त्याची परीक्षा होत नाही. कोण येऊ शकलं नाही आणि त्याच्या रिकाम्या जागेचं काय केलं, यावर होते. हे मत मला कुठल्या फॅन कन्व्हेन्शनमध्ये सुचलं नाही. ते सुचलं बीड जिल्ह्यातल्या चकलांब्यात.

आधी थोडी ओळख

ज्यांना 'डॉक्टर हू' हा मेडिकल ड्रामा वाटतो, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झालेली ही सायन्स फिक्शन मालिका. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी काळात आणि अवकाशात भटकतो. त्याचं यान म्हणजे टार्डिस. बाहेरून निळी पोलीस बॉक्स, आत शिरलं की अवाढव्य. मरणाच्या दारात पोचला की डॉक्टरचं शरीर बदलतं, नवा चेहरा येतो. म्हणजे नवा नट! या एका आयडियावर शो साठी ओलांडून गेला. १९८९ मध्ये बंद पडला, मधला एक टीव्ही सिनेमा सोडला तर सोळा वर्षं गायब होता आणि २००५ मध्ये परत आला.

आणि एक गोष्ट, जी मी दर पार्टीत सांगते. या शोचा पहिला भाग दिग्दर्शित केला वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा, वय तेव्हा चोवीस! म्हणजे डॉक्टरच्या बारशाला आपला माणूस हजर होता, बॉस.

पोलीस बॉक्स आणि पोलीस ठाणं

आता चकलांबा. तुम्ही हे नाव वाचलं असेलच, तर पेपरात. 'चकलांबा पोलीस ठाण्याच्या हद्दीत...' अशी सुरू होणारी बातमी. कधी वाळू, कधी अपघात, कधी चोरी. निळ्या पोलीस बॉक्सवर प्रेम करणाऱ्या मुलीचं गाव बाहेरच्यांना पोलीस ठाण्यामुळे माहीत असावं, ही गंमत मला फार उशिरा लक्षात आली.

गाव गेवराईच्या पश्चिमेला, अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाजूला. कापूस, तूर, बाजरी, ज्वारी आणि पाणी असेल तिथं ऊस. माझे आजी-आजोबा इथलेच. वडील शिकून पुण्याला आले, काका शेतीवर राहिले. मी दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीपुरती चकलांब्याची.

२०२३ च्या नोव्हेंबरात आजोबांचं वर्षश्राद्ध होतं. फ्रीलान्सर असण्याचा एकच फायदा असतो, रजा मागावी लागत नाही. त्यामुळे घरात ठरलं की विधी आटोपल्यावर मी पंधरा दिवस आजीजवळ राहायचं. आणि त्या पंधरा दिवसांत तिचं मन वळवायचं. कशासाठी? तिनं सहा महिने पुण्यात आणि सहा महिने गावात राहावं म्हणून. हा प्रस्ताव वडिलांचा आणि काकांचा, दोघांचा. पोचवायला मी.

याच पंधरा दिवसांत डॉक्टरच्या साठीचे तीन स्पेशल्स येणार होते. लंडनमध्ये शनिवारी संध्याकाळी साडेसहा, म्हणजे आपल्याकडे बरोबर रात्री बारा. घरात रेंज नाही, स्लॅबवर आहे. झालं, थिएटर ठरलं! एक गोधडी, एक पॉवर बँक आणि पातेलंभर भाजलेल्या शेंगा.

पहिली रात्र : 'द स्टार बीस्ट'

पुनव दोन दिवसांवर होती, पण आभाळ भरून आलेलं. त्या वीकएंडला राज्यभर अवकाळीचा इशारा होता, म्हणून संध्याकाळभर आम्ही सगळ्यांनी वेचलेला कापूस आतल्या खोलीत कोंबला होता. खोली छतापर्यंत पांढरी. लहानपणी त्यात उड्या मारून मी मार खाल्लेला आहे.

तर 'द स्टार बीस्ट'. १९८० च्या एका कॉमिक स्ट्रिपवर बेतलेली गोष्ट. डेव्हिड टेनंट डॉक्टर म्हणून परत आणि कॅथरीन टेट डोना म्हणून परत. डोनाचं दुखणं २००८ पासूनचं. डॉक्टरबरोबरचा सगळा प्रवास तिच्या डोक्यातून पुसला गेला होता आणि तो आठवला तर ती मरणार होती. फॅन्स पंधरा वर्षं या एका गाठीवर हळहळत होते.

माझं मत? पहिले पंचवीस-तीस मिनिटं एकदम सही. डोनाचं घर, तिची आई, तिची मुलगी रोज, मागच्या शेडमध्ये लपलेला तो मऊ केसाळ मीप. टेलिव्हिजनवर इतकं घरगुती घर फार दिवसांनी पाहिलं. पण शेवट? पंधरा वर्षांची गाठ डोना आणि रोज 'सोडून देऊ या' म्हणतात आणि सुटते. इतक्या जुन्या दुःखाचा निकाल एवढ्या पटकन लावायचा नसतो. मी खाली उतरले तेव्हा अंगणात आजोबांची बाज नेहमीच्या जागी उभी करून ठेवलेली होती. वर्ष झालं तरी आजीनं ती हलवू दिलेली नाही. डोनाच्या लेखकाला ही बाज दाखवायला हवी होती, असं वाटून गेलं.

आजीचं कॅलेंडर

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्धाला माणसं कमीच होती. अर्धी गल्ली कारखान्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथं 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं! उन्हाळा लागेपर्यंत घरांना कुलपं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यामुळे इथले सगळे हिवाळी कार्यक्रम रिकाम्या जागा धरूनच होतात. कुणी त्याबद्दल बोलतही नाही.

आजी वर्षं आकड्यांनी मोजत नाही. तिच्यासाठी 'बहात्तर' आहे, 'किल्लारी' आहे, 'छावण्यांचं साल' आहे. आणि मी वर्षं डॉक्टरवर मोजते. एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता आम्ही दोघींची कॅलेंडरं शेजारी ठेवली. तुम्हीही बघा.

दहाव्या वर्षाचा स्पेशल 'द थ्री डॉक्टर्स' सुरू झाला ३० डिसेंबर १९७२ ला. त्या हिवाळ्यात आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मिळायची मिलो ज्वारी आणि सुकडी. तिकडे पहिला डॉक्टर, विल्यम हार्टनेल, इतका आजारी होता की त्याला इतरांबरोबर उभं करणं शक्य नव्हतं. त्याचे प्रसंग वेगळे, बसवून चित्रित केले आणि तो फक्त एका पडद्यावर दिसला. १९७५ मध्ये तो गेला.

विसाव्या वर्षी, १९८३ मध्ये, 'द फाइव्ह डॉक्टर्स'. हार्टनेल नाही म्हणून दुसऱ्या नटानं त्याची भूमिका केली, पण सुरुवातीला खुद्द हार्टनेलची जुनी क्लिप लावली. टॉम बेकर यायला तयार नव्हता, म्हणून एका अपुऱ्या राहिलेल्या कथेतली दृश्यं वापरली. म्हणजे नावात पाच डॉक्टर, हजर तीन!

तिसावं वर्ष १९९३. शो बंद. नोव्हेंबरमध्ये 'चिल्ड्रन इन नीड'साठी एक छोटासा थ्री-डी तुकडा झाला, ज्याबद्दल फॅन्स शक्यतो बोलत नाहीत. आपल्याकडे त्याच्या दोन महिने आधी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप. आजी सांगते, नंतर कित्येक रात्री गल्ली अंगणातच झोपली.

पन्नासावं वर्ष २०१३. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात चारा छावण्या होत्या. नोव्हेंबरात 'द डे ऑफ द डॉक्टर' ९४ देशांत एकाच वेळी दाखवला गेला. आणि शेवटी कोण आलं? तीस वर्षांपूर्वी नाही म्हटलेला टॉम बेकर! थकलेला, पांढऱ्या केसांचा. पूर्ण स्पेशलमधले सगळे स्फोट एका पारड्यात आणि म्हाताऱ्या बेकरचं ते येणं दुसऱ्या पारड्यात. जड कुठलं, सांगायला नको.

आजीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी दर दहा वर्साला कोन ऱ्हायलं, कोन गेलं ते मोजत्यात व्हय?"

हो आजी. साठ वर्षांत या शोची इतकी चांगली व्याख्या मी दुसरी ऐकलेली नाही.

मध्ये एक चक्कर : राक्षसभुवन

वीकएंड पीस आहे, तेव्हा थोडं फिरूही या. काकांच्या मोटरसायकलवर मागं बसून मी राक्षसभुवनला गेले. गोदावरीकाठचं शनीचं प्रसिद्ध ठिकाण. शनिभक्त येतात, दर्शन घेतात, जातात. पण टाइम ट्रॅव्हलवाल्यांनी इथं थोडं थांबावं. १० ऑगस्ट १७६३ ला याच परिसरात पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम नदी ओलांडून पलीकडे, दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह अलीकडे, मध्ये गोदावरी. विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवराव पेशव्यांचं वय होतं अठरा. पानिपताला तेव्हा अडीच वर्षं झाली होती.

१७६३! डॉक्टरच्या जन्माआधी बरोबर दोनशे वर्षं. शोनं २०१८ मध्ये 'डीमन्स ऑफ द पंजाब'मध्ये फाळणीच्या गावात टार्डिस उतरवली होती आणि तो भाग अप्रतिम होता. मग गोदाकाठी का नाही? अठरा वर्षांचा पेशवा, भांडणारा काका आणि फुगलेली नदी. स्क्रिप्ट तयार आहे!

दुसरी रात्र : 'वाइल्ड ब्लू याँडर'

तिघांतला माझा आवडता हाच. ना जुने शत्रू, ना पाहुणे कलाकार. विश्वाच्या टोकाला एक रिकामं जहाज आणि त्यात डॉक्टर नि डोना. मग त्यांच्यासारखेच दिसणारे, त्यांच्यासारखंच बोलणारे, पण हात लांबच लांब असलेले दोघं. ते मनातलं ऐकतात, त्यामुळे आठवणी विचारूनही खरं-खोटं कळत नाही. एका क्षणी डॉक्टर चुकीच्या डोनाला घेऊन निघतो आणि तिच्या मनगटात केसभराचा फरक दिसतो म्हणून वाचतो. साठीच्या सोहळ्यात पाऊण तास दोनच नट आणि एक कॉरिडॉर... धाडस लागतं!

त्याच संध्याकाळी त्याच स्लॅबवर शेजारचा मुलगा कारखान्यावरच्या आईला व्हिडिओ कॉल करत होता. रेंज अशी की चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे. तो सारखा म्हणायचा, "हात दाखव, हात." मग ती बांगड्यांचा हात कॅमेऱ्यासमोर धरायची आणि तो पुढं बोलायला लागायचा. रात्री डोनाचं मनगट पाहताना माझ्या पोटात काय झालं असेल, तुम्हीच समजा.

डाउनलोड केलेला भाग दुसऱ्या दुपारी आजीला ओसरीवर दाखवला. डॉक्टर मिठाची रेघ ओढतो आणि त्या दोघांना दाणे मोजायला लावतो, हे तिला बिलकुल नवीन वाटलं नाही. मीठ-मोहऱ्यांचं सामर्थ्य तिला कुणी समजावायला नको. शेवटी व्हीलचेअरवर विल्फ येतो, डोनाचे आजोबा.

"हे म्हातारं कोन ग?"

म्हटलं, बर्नार्ड क्रिबिन्स. हे शूटिंग झालं आणि जुलै २०२२ मध्ये गेले.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मंग यांचंबी वरीस झालं म्हन की."

तिसरी रात्र : 'द गिगल'

शेवटचा स्पेशल. १९६६ चा खलनायक टॉयमेकर परत आणि त्याच्या भूमिकेत नील पॅट्रिक हॅरिस. १९२५ मध्ये जॉन लोगी बेअर्डनं टेलिव्हिजनच्या प्रयोगासाठी वापरलेला बाहुला आणि त्याचं हसू जगातल्या प्रत्येक स्क्रीनमध्ये दडलेलं. परिणाम? प्रत्येकाला वाटतं, आपलंच बरोबर. (तुमचा सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला ना?)

पण भांडण लागलं ते शेवटावरून. डॉक्टर मरतो, पण बदलत नाही. तो दोन होतो! टेनंटचा चौदावा डॉक्टर तसाच राहतो आणि त्याच्यातून न्कुटी गटवाचा पंधरावा बाहेर पडतो. एक थकलेला, एक ताजा. थकलेला डोनाच्या घरी राहतो, अंगणात सगळ्यांबरोबर जेवायला बसतो. ताजा यान घेऊन निघतो. विल्फ त्या टेबलाशी नाही. इथंच कुठंतरी आहे, असं नुसतं बोललं जातं. दुसरा म्हातारा आणून बसवला नाही, त्याची जागा त्याचीच ठेवली. याला म्हणतात स्पेशल!

फॅन्स मात्र खवळले. ही चीटिंग आहे, डॉक्टरनं जायलाच हवं, नाहीतर नव्याला किंमत काय? मीही थोडी गोंधळले होते. सकाळी चुलीपाशी आजीला गोष्ट सांगितली. भाकरी थापता थापता तिनं विचारलं,

"एक घरी ऱ्हायला, एक गेला. मंग त्यात भांडायचं काय? तुझ्या बापानं आन् काकानं काय केलं?"

बास. बोलती बंद.

चकलांब्यात ही सायन्स फिक्शन नाही, ही घराघरातली व्यवस्था आहे. दोन भावांतला एक शेतीवर राहतो, एक गाडी पकडतो. राहिलेल्याला वाटतं आपण निघायला हवं होतं, गेलेल्याला वाटतं आपण राहायला हवं होतं. पण घर चालतं, कारण दोघांनी एक आयुष्य वाटून घेतलेलं असतं. या गावातून पाहिलं, तर 'द गिगल'चा शेवट मला तिन्ही भागांतला सगळ्यात खरा वाटतो.

फक्त एक सोडून. पंधरावा डॉक्टर हातोडा मारतो आणि टार्डिसच्याही दोन होतात! चौदाव्यालाही यान मिळतं. म्हणजे राहा पण आणि फिरा पण. माझी खरी तक्रार इथं आहे. राहणं म्हणजे काहीतरी सोडणं. काकांनी सोडलं, वडिलांनी सोडलं, कुलपं लावून गेलेल्या प्रत्येक कोयत्यानं सोडलं. त्यांना कुणी दुसरं यान दिलं नाही. लेखक रसेल टी. डेव्हिसला इथं हात आवरता आला असता, तर हा स्पेशल पन्नासाव्याच्याही वर गेला असता.

आणि आमचा सहा महिन्यांचा प्रस्ताव? तोही तर दुसऱ्या टार्डिससारखाच होता. सगळ्यांना सगळं थोडं थोडं. मी तो पंधराव्या दिवशी मांडला. आजीचं उत्तर तयार होतं. "मी काय यष्टी हाय का, सा महिने हिकडं, सा महिने तिकडं? ज्याला यायचंय त्यानं यावं." मी पुण्याला येऊन हे उत्तर जसंच्या तसं पोचवलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते चकलांब्याला जातात. बाज अजून तिथंच आहे.

तिकडे गटवाचा डॉक्टर मे २०२५ मध्ये गेला आणि ऑक्टोबरमध्ये डिस्नेची भागीदारीही संपल्याचं जाहीर झालं. यान घेऊन गेलेल्याची गोष्ट आटोपली. घरी राहिलेल्या चौदाव्याची मात्र अजून सांगून झालेली नाही. सत्तरावं वर्ष २०३३ मध्ये. तोवर तो कुठं असेल, हे मला माहीत करून घ्यायचंय.

जायचंय?

कसं जाल : छत्रपती संभाजीनगर-बीड रस्त्यावर गेवराई. तिथून पश्चिमेला चकलांबा. बीडपर्यंत आता रेल्वेही आहे. अहिल्यानगर-बीड गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली. मार्ग मंजूर झाला होता १९९५ मध्ये. डॉक्टरला परत यायला सोळा वर्षं लागली होती, रेल्वेला तीस!

कधी जाल : डिसेंबर-जानेवारीत. ज्वारी हुरड्यात असेल तर नशीब. मे महिन्यात जायचं धाडस नको.

काय पाहाल : राक्षसभुवन, गोदावरीचा काठ, वेळ असेल तर पैठण आणि जायकवाडी.

काय खाल : ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे.

काय न्याल : पॉवर बँक आणि डाउनलोड केलेले तिन्ही भाग. आणि गावी कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्या शेजारी बसून बघा. कॉमेंट्री फुकट मिळते.